निधी परत जाईल

बाबा ज्या सरकारी कार्यालयात लेखा शाखेचे वरिष्ठ लिपिक होते, त्याच्या व्हरांड्यात आठ लोखंडी कपाटे भिंतीला पाठ लावून उभी असत. खरेदी बारांची झाली होती. आत जागा चारांपुरतीच निघाली. शाळा सुटल्यावर पाऊस लागला की मी घरी न जाता तिकडे जाऊन बसत असे, त्यामुळे त्या कपाटांशी माझा चांगला परिचय होता. राखाडी रंग, दोन दारे, आणि मुठींवर दुकानातून येताना गुंडाळलेला कागद तसाच. एका कपाटात शिपाईकाका आपला डबा आणि सायकलचा पंप ठेवत, एकाच्या माथ्यावर पाण्याचा माठ होता, बाकीची रिकामी. दोन पावसाळ्यांत शिंतोड्यांनी त्यांचे पाय गंजले आणि तिसऱ्या वर्षी एक कपाट उजवीकडे कलले, तेव्हा त्याच्या पायाखाली जुन्या नोंदवह्यांची चवड सारण्यात आली. ज्या वह्यांसाठी कपाट घेतले, त्याच वह्यांवर कपाट उभे राहिले. ते पाहून मी हसले होते. बाबा हसले नव्हते.

“एवढी कशाला घेतली?” असे विचारल्यावर ते म्हणाले होते, “मार्चअखेर होती, बाई. नसती घेतली तं निधी परत गेला असता.” आणि परत गेला तर काय बिघडते, या माझ्या पुढच्या प्रश्नावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी घर जाळले तर काय बिघडते असे विचारले होते.

बाबा भ्रष्ट नव्हते, हे मला इथे सांगितलेच पाहिजे, कारण कपाटांची गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण आधी तिकडेच वळतो. कार्यालयातले पेन घरी आणणे त्यांना चोरी वाटे. माझ्या चित्रकलेच्या वहीसाठी मी एकदा कार्बन पेपर मागितला, तर त्यांनी तो सीताबर्डीवरून विकत आणून दिला. अशा माणसाने जनतेच्या पैशातून आठ निरुपयोगी कपाटे घेतली, त्यावर स्वच्छ अक्षरात टिपणी लिहिली, तीन दरपत्रके मागवली, सर्वांत कमी दराचे स्वीकारले, देयक कोषागारात वेळेत पोहोचवले आणि लेखापरीक्षणात एकही आक्षेप येऊ दिला नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले होते, आणि माझ्या डोक्यातला गोंधळ नेमका तिथे होता.

पुढे मी कर सल्लागार झाले आणि नियम कसे असतात ते मला आतून कळू लागले. विधिमंडळाने मंजूर केलेले अनुदान ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे त्यानंतर ते वापरता येत नाही. न खर्चलेले पैसे त्याआधी समर्पित करावे, म्हणजे सरकारला परत द्यावे लागतात. पुढच्या वर्षीचा अंदाज मांडताना गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च समोर ठेवतात. म्हणजे एखाद्या कार्यालयाने काटकसर करून लाखभर रुपये वाचवले, तर त्याला शाबासकी मिळत नाही. ‘यांना तेवढ्याची गरजच नव्हती’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी ज्या कामासाठी खरोखर पैसे लागणार असतात, त्यालाही कात्री लागते. बाबांनी कपाटे घेतली ती पुढच्या उन्हाळ्यातल्या पंख्यांसाठी. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना पत्र्याखाली बसून ज्याने हिशेब केले आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

अर्थशास्त्रात या सगळ्याला एक नाव आहे, हे मला चाळिशीनंतर कळले. सार्वजनिक निवडीचा सिद्धांत असे त्याला मराठी पाठ्यपुस्तकांत म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण त्याच्या जन्माची हकिकत मला आवडते. १९४८ साली शिकागो विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात जेम्स बुकॅनन नावाचा तरुण, नुकताच डॉक्टरेटच्या कामातून मोकळा झालेला, धूळ बसलेल्या मांडण्यांमधून उगाच फिरत होता आणि त्याच्या हाती एक जर्मन ग्रंथ लागला. तो स्वीडनच्या क्नुट विक्सेल यांनी १८९६ साली लिहिलेला होता आणि तोवर इंग्रजीत आलेला नव्हता. विक्सेल यांचे म्हणणे असे, की अर्थतज्ज्ञ सल्ला देताना राज्यकर्ता हा सर्वांचे भले चिंतणारा एखादा दयाळू राजा आहे असे धरून चालतात, आणि तसा राजा तर कुठेच नसतो. असतात ते प्रतिनिधी, त्यांना निवडून यायचे असते. असतात ते अधिकारी, त्यांना आपले खाते चालवायचे असते. आणि असतात ते मतदार, ज्यांना आपापले घर आहे. तेव्हा कर आणि खर्च चांगले हवे असतील तर ते ठरवण्याच्या रीतीकडे पाहा. बुकॅनन यांनी पुढची कित्येक वर्षे हाच धागा ओढला, १९६२ साली गॉर्डन टुलॉक यांच्यासह या विषयाचा पाया घालणारे पुस्तक लिहिले आणि १९८६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बाजारात भाजी घेताना माणूस स्वतःचे पाहतो आणि मतपत्रिका हातात आली की एकाएकी संत होतो, हे त्यांना मान्य नव्हते. एकच माणूस दोन्हीकडे जातो, एवढेच त्यांचे गृहीतक.

सरकारी खात्यांबद्दल विल्यम निस्कानेन यांनी १९७१ साली लिहिले. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ, त्यामुळे माहीतगार. त्यांच्या मते खात्याचा प्रमुख नफा वाढवू शकत नाही, म्हणून तो अंदाजपत्रक वाढवतो, कारण पद, माणसे, वजन हे सगळे त्याच्या आकाराबरोबर वाढते. मी हे वाचले तेव्हा मला आठ कपाटांचा उलगडा झाल्यासारखे वाटले आणि लगेच थोडा रागही आला. बाबांना ना पद वाढवून मिळणार होते ना वजन. निस्कानेन यांनी नियमाची चाल अचूक पकडली, पण त्या नियमाखाली बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते ते त्यांना कळले नाही, असे माझे मत आहे. बाबांच्या मनात लोभ नव्हता. आपल्या हातून कार्यालयाचे नुकसान होऊ नये अशी धास्ती होती, आणि कपाटे घेण्यासाठी तेवढी पुरेशी होती.

बहुमताने घेतलेला निर्णय म्हणजे लोकांची इच्छा, हा समजही असाच एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या वाहनतळात गळून पडला. पंधरा सदनिकांची आमची सोसायटी. दुरुस्ती निधीत साठलेल्या पैशांत एकच काम होणार होते: लिफ्ट नवी करणे, नवीन बोअर खोदणे किंवा बाहेरून रंग देणे. खालच्या दोन मजल्यांवरच्या पाच घरांना आधी बोअर हवी होती, नाहीतर रंग. लिफ्टशी त्यांना कर्तव्य नव्हते. वरच्या पाच घरांना आधी लिफ्ट, मग बोअर, रंग सर्वांत शेवटी. उरलेल्या पाच घरांचे मालक पुण्याला किंवा परदेशी; घरे भाड्याने दिलेली किंवा विकायला काढलेली. त्यांना रंग हवा होता, म्हणजे गिऱ्हाइकावर छाप पडते. तो नसेल तर लिफ्ट. बोअर मात्र नको, कारण पाणी काही जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही.

सचिव पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी अतिशय सौजन्याने सुचवले, की तिन्हींवर एकदम मतदान नको, गोंधळ होईल; आधी लिफ्ट की रंग ते ठरवू, आणि जे जिंकेल त्याच्यासमोर बोअर ठेवू. कोणालाच यात वावगे वाटले नाही. लिफ्ट आणि रंग यांत खालची पाच आणि बाहेरगावची पाच मते रंगाला पडली, लिफ्ट गेली. मग रंग आणि बोअर यांत वरच्या पाचांनी नाइलाजाने बोअरला मत दिले आणि बोअर दहा विरुद्ध पाच अशी जिंकली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक गुडघेदुखीच्या आजी जिना चढताना सहज म्हणाल्या, “बोअर आणि लिफ्ट यांत विचारलं असतं तं?” मी घरी येऊन कागदावर मांडले. विचारले असते, तर लिफ्ट दहा मतांनी जिंकली असती. रंग लिफ्टला हरवतो, लिफ्ट बोअरला हरवते, बोअर रंगाला हरवते. बहुमत नुसते गोल फिरत राहते आणि ते कुठे थांबणार हे कार्यसूची लिहिणाऱ्याच्या हातात असते. हे कोडे फ्रान्सच्या कॉन्डोर्से यांनी १७८५ मध्येच मांडून ठेवले होते, आणि केनेथ ॲरो यांनी १९५१ साली दाखवले, की साध्यासुध्या, रास्त वाटणाऱ्या चार-पाच अटी पाळून या गुंत्यातून सुटेल अशी मतदानाची कोणतीही रीत निघू शकत नाही. आमचे सचिव निवृत्त बँक अधिकारी आहेत, कॉन्डोर्से त्यांनी वाचलेला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती.

कार्यसूची कोण लिहितो हा प्रश्न नागपूरकरांना दर डिसेंबरात आपल्या दारात दिसतो. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने मिळाली, त्यांपैकी विधिमंडळाचे एक अधिवेशन दर वर्षी इथे भरवण्याचे आश्वासन सर्वांत ठळकपणे पाळले गेले आहे. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, असे मोजके अपवाद. नोव्हेंबर सरता सरता सिव्हिल लाइन्समधले दुभाजक काळे-पिवळे होतात, आमदार निवासाच्या भिंतींना चुना लागतो, आणि मोर्चांचे दिवस सुरू होतात. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी लावलेल्या कठड्यांपाशी मोर्चे अडवले जातात. मला कामानिमित्त त्या बाजूला जावे लागते, त्यामुळे कित्येक वर्षे मी ते पाहत आले आहे. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, जुन्या पेन्शनचे कर्मचारी, एखाद्या प्रकल्पाचे विस्थापित, एखाद्या जातीचे आरक्षण मागणारे. कोणी रस्त्यातच स्वयंपाक मांडतात. बहुतेकांच्या मागण्या ऐकल्या तर त्या रास्त वाटतात.

पण एक मोर्चा मी तिथे कधीही पाहिला नाही. या सगळ्या मागण्यांचे पैसे जे भरणार आहेत, त्यांचा. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली याचे कारण सांगितले आणि ते इतके सरळ आहे की आधी कोणाला कसे सुचले नाही याचे नवल वाटते. एखाद्या निर्णयाने दहा हजार लोकांना प्रत्येकी लाख रुपये मिळणार असतील, तर ते दहा हजार लोक बस करून नागपूरला येतील. ते शंभर कोटी रुपये बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रातून गोळा व्हायचे असतील, तर माणशी आठ रुपयांच्या आसपास पडतात, आणि आठ रुपये वाचवण्यासाठी टी-पॉइंटवर यायचे तर ऑटोचेच ऐंशी होतात. लाभाला चेहरा असतो, घोषणा असतात, झेंडा असतो. भार मात्र इतका पातळ पसरलेला असतो की तो कोणाच्याच अंगाला लागत नाही. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये याच्याही मागचे एक कारण सांगून ठेवले होते: माझ्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असताना, अंदाजपत्रक वाचण्यात आठवडा घालवणे मला परवडत नाही. माझे अज्ञान हा माझा आळस नसून हिशेब आहे. मी स्वतः दिवसभर इतरांचे कर भरून देते आणि राज्याचे अंदाजपत्रक मात्र वर्तमानपत्राच्या चौकटीत वाचते.

हिवाळी अधिवेशनाचे आर्थिक काम म्हणजे पुरवणी मागण्या. मार्चमध्ये मंजूर झालेले पैसे पुरले नाहीत, किंवा नवे काही सुचले, तर सरकार पुन्हा सभागृहाकडे येते. २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात मांडलेल्या पुरवणी मागण्या ५५ हजार ५२० कोटी रुपयांच्या होत्या. त्यांवरची चर्चा अनेकदा गोंधळात उरकते आणि वृत्तवाहिन्या गोंधळ दाखवतात, मागण्या नाही. जाणकार मात्र त्या जाडजूड पुस्तिकांत आपल्या मतदारसंघाचे नाव शोधतात. ग्रामविकासाच्या एका लेखाशीर्षाचा, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याचा, क्रमांक २५१५ असा आहे, आणि आमच्याकडच्या सरपंचांच्या बोलण्यात ‘पंचवीस-पंधराची कामे’ हा शब्द पोहे-चहासारखा येतो: सभामंडप, अंतर्गत रस्ता, नाली, स्मशानभूमीची भिंत.

यात एक युक्ती आहे तिचे नाव टोकन तरतूद. काम दहा कोटींचे असते, प्रशासकीय मान्यता दहा कोटींची मिळते, पण या वर्षी ठेवतात ते काही लाख. त्यामुळे त्याच रकमेत एकाऐवजी वीस कामांचे नारळ फुटतात. वीस आमदारांपैकी प्रत्येक जण उरलेल्या एकोणीस कामांना हात वर करतो, कारण त्याचे काम त्याच यादीत आहे. तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो, या गावठी व्यवहाराला बुकॅनन-टुलॉक यांनी पुस्तकात मोठे स्थान दिले आणि ते दर वेळी वाईटच असते असेही म्हटले नाही. दुर्बळ गटाला आपली एक तीव्र गरज भागवून घेण्याचा तोच मार्ग असू शकतो. पण काम सुरू करण्याचे श्रेय आजच्या आमदाराला आणि ते पूर्ण करण्याचा खर्च उद्याच्या अंदाजपत्रकाला, असे झाले की सुरुवातींचा सुकाळ होतो.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली त्याची किंमत ३७२ कोटी रुपये धरली होती. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी भूमिपूजन केले. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित किंमत पुढे १८ हजार कोटींच्या वर गेली, आणि अडीच लाख हेक्टरचे सिंचन ज्यासाठी ठरले होते ते कालवे दशकानुदशके तुकड्यातुकड्यांनी होत राहिले. महागाई, पुनर्वसन, भूसंपादन, वनजमीन, निकृष्ट कामे, चौकश्या, सगळी कारणे खरी आहेत. परंतु एखादे धरण चाळीस वर्षे अपुरे राहते तेव्हा ते अपुरे राहण्याचाही कोणाला तरी उपयोग होत असतो, एवढे सार्वजनिक निवडीचा अभ्यासक म्हटल्याशिवाय राहणार नाही. दर वर्षीची तरतूद ही दर वर्षीची बातमी असते. पूर्ण झालेल्या धरणाची बातमी एकदाच येते.

विदर्भाच्या मागासलेपणावर आमच्याकडे जे बोलले जाते त्यात मला नेहमी एक गोष्ट निसटताना दिसते. मुंबई-पुण्याची माणसे स्वार्थी, आमचे नेते दुबळे, असे म्हणून आपण मोकळे होतो. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने हा वाद शिव्यांमधून उचलून आकड्यांत नेला, हे तिचे मोठेपण. राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्त्यांत, सिंचनात, शाळांत किती मागे आहे ते मोजायचे आणि ती तूट भरायला लागणारी रक्कम काढायची. तिला अनुशेष म्हणायचे. तो आकडा तेव्हा राज्यभरासाठी ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा होता. पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर आली. बुकॅनन यांच्या भाषेत सांगायचे, तर हा खेळाच्या आतला डाव नव्हता, खेळाचे नियम बदलण्याचा प्रयत्न होता: दर वर्षीच्या बहुमतावर वाटप सोडू नका, कारण लोकसंख्या आणि म्हणून आमदार जिकडे जास्त, तिकडे पैसे वाहणार, एक बांध आधीच घालून ठेवा. त्या बांधातूनही पाणी झिरपले. अनुशेष पैशांत मोजला, की पैसे खर्च झाले म्हणजे अनुशेष भरला असे दाखवता येते, शेतात पाणी पोहोचो न पोहोचो. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि तेव्हा टी-पॉइंटवर कोणी नव्हते. टाळेबंदी होती, हे खरे, पण नसती तरी फार गर्दी झाली असती असे मला वाटत नाही. नियमांना मोर्चे मिळत नाहीत.

आता कराची बाजू, जी माझ्या पोटापाण्याची आहे. शहराच्या वेशीवर जकात नाके होते तेव्हा ट्रकांच्या रांगा लागत आणि व्यापारी शिव्या देत. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. नाके उठले, आणि इतवारीतल्या दुकानदारांनी त्याहून मोठा आरडाओरडा केला. त्या वर्षी मी एका कापड व्यापाऱ्याच्या गादीवर दुपारी बसून त्यांची खरेदीची वही तपासत असे. जकात भरताना ती ट्रकवाला भरे, मालाच्या किमतीत मिसळून जाई. नवा कर मात्र शेठजींना स्वतःच्या हाताने, महिन्याच्या महिन्याला, चलनावर सही करून भरावा लागे. रक्कम फारशी वेगळी नव्हती. मी ती त्यांना दोनदा मांडून दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, आधी जात होतं, आता द्यावं लागते.” इटलीच्या अमिल्कारे पुविआनी यांनी १९०३ साली राज्यकर्ते कर कसा लपवतात यावर एक ग्रंथच लिहिला आहे, त्याचे सार शेठजींनी सहा शब्दांत सांगितले. दिसणारा कर टिकला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींखालच्या उलाढालीसाठी तो गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने सगळेच पोटात घेतले.

व्यापाऱ्यांचे सुख झाले. मलाही आकारणीच्या कटकटी कमी झाल्या. पण शहराचे काय झाले ते कमी जणांच्या लक्षात आले. जकात नागपुरात गोळा होई आणि नागपुरातच खर्ची पडे. आता भरपाईचे अनुदान मुंबईहून येते. महापालिकेने पैसे वाया घालवले तर ‘आमचे पैसे’ असे म्हणण्याचा धागा तुटला. जो येतो तो निधी, आणि निधी नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो. विक्सेल यांचा आग्रह नेमका याच्या उलट होता: खर्चाचा प्रस्ताव आणि त्यासाठीचा कर एकाच वेळी, एकाच मतदानात, जवळजवळ एकमताने.

असे कधी घडते का, असे विचारणाऱ्याला मी वेतनपावतीवरचे दोनशे रुपये दाखवते. व्यवसाय कर, फेब्रुवारीत तीनशे. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी. शहरातल्या पगारदारांनी महिन्याला थोडे द्यायचे, त्यात राज्याने तेवढीच भर घालायची, आणि खेड्यातल्या ज्या माणसाला काम हवे त्याला ते मागताच मिळाले पाहिजे. १९७७ चा त्याचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. विक्सेल यांचे नाव त्या सभागृहात कोणी घेतले असेल असे नाही. पण खर्च काय, भरणार कोण आणि मिळणार कोणाला हे तिन्ही एका कागदावर होते. आज माझ्या अशिलांपैकी एकालाही हा कर कशासाठी सुरू झाला ते माहीत नाही. तो फक्त कापला जातो.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी खर्चाची बाब लाडकी बहीण. २८ जून २०२४ च्या अंदाजपत्रकात घोषणा, जुलैपासून पात्र महिलांना महिना १,५०० रुपये, वर्षाचा अंदाज सुमारे ४६ हजार कोटी, आणि नोव्हेंबरात मतदान. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २,१०० चे वचन दिले, विरोधकांनी ३,००० चे. योजनेला परवडत नाही म्हणणारे आणि ती दुपटीने वाढवू म्हणणारे एकाच व्यासपीठावर होते. डाउन्स यांनी म्हटले होते, की दोन पक्ष मधल्या मतदाराकडे सरकत सरकत एकमेकांसारखे होतात. इथे ते एका आकड्याच्या जिन्यावर एकमेकांच्या पुढे चढत गेले. ओल्सन यांचे गणित मात्र या योजनेने थोडे वाकवले आहे, असे मला वाटते. कोट्यवधी विखुरलेल्या बायका हा त्यांच्या मते कधीच संघटित न होणारा गट. पण थेट बँक खात्यात पैसे पडू लागले, की मोर्चा काढण्याचा खर्चच उरत नाही. सरकारच त्यांना एका यादीत गोळा करते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी हे सगळे सांगण्याच्या भरीस पडले नाही. मुलीच्या शिकवणीची फी त्या त्यातून भरतात. एकदा मीच म्हटले, की हे पैसे रस्त्यांना, दवाखान्यांना कमी पडतील. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “ते रस्ते कोनासाठी बनते मले नाई माहीत, ताई. हे माह्या खात्यात येते.” मी गप्प बसले. सरकारी खर्चावर इतकी वर्षे वाचून माझ्याकडे याला तोडीचे उत्तर नव्हते, आणि कर्ज काढून हे चालले असेल तर ते फेडणारी मुलगी शिकवणीला गेलेली होती, हे मनात आले तरी ओठांवर आणवले नाही.

सार्वजनिक निवडीच्या अभ्यासकांवर एक आरोप असतो, की ते सरकारच्या सगळ्या कामांकडे तिरक्या नजरेने पाहतात. काही अंशी तो खरा आहे. पण याच गोतावळ्यात एलिनॉर ऑस्ट्रॉम होत्या, २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला, आणि त्यांना पाणी वाटून घेणारी गावे पाहण्यात रस होता. त्या भंडारा-गोंदियाकडे आल्या असत्या तर रमल्या असत्या. तिकडे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतही, सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले कितीतरी बांधले. मालगुजारीच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावच्या जमीनदारांच्या, काळात गाळ काढणे, पाळ (तलावाचा बांध) दुरुस्त करणे, कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचे हे ठरवणे, सगळे गावात होई. त्यात मालगुजाराचा जुलूम आणि बिनपैशाची वेठही होती. ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. लोक त्यांना आता मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचे लघुरूप. तलाव सरकारचा म्हटल्यावर गाळ काढणे हेही सरकारचे काम झाले, आणि सरकारी काम म्हटले की त्याला लेखाशीर्ष लागते, लेखाशीर्षाला तरतूद, तरतुदीला कोणीतरी मागणारा. वर्षानुवर्षे गाळ साठत राहिला. अलीकडे काही गावांनी पुन्हा स्वतःच कुदळ हाती घेतली आहे आणि तिथे मासे परतले आहेत.

बाबा आता नाहीत. शेवटच्या वर्षांत मी त्यांना निस्कानेन समजावून सांगितला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यानं कधी निधी परत पाठवला होता का?” मला माहीत नव्हते.

मागच्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीतले एक काका सह्या गोळा करत दारावर आले. गल्लीतले गट्टू, म्हणजे रस्त्यावरचे सिमेंटचे ठोकळे, काढून नवीन बसवायचे, आमदार निधीतून, असे पत्र होते. आधीचे गट्टू बसवून चार वर्षेही झाली नव्हती. एक-दोन ठिकाणी हलले होते, इतकेच. मी म्हटले, “काका, चांगले तर आहेत. यापेक्षा कोपऱ्यावरची नाली मागा ना.” ते म्हणाले, नालीचे काम दुसऱ्या खात्याचे, ते या पत्रात बसत नाही. मग किंचित खाली वाकून, जणू गल्लीतल्या कोणी ऐकू नये अशा आवाजात, ते म्हणाले, “मार्च जवळ आला आहे, मॅडम. आपण नाही म्हटलं तं शेजारच्या लेआउटवाले घेऊन जातील, नाहीतर निधी परत जाईल.”

खरोखर परत जातो की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. पत्रावर माझ्या आधी तेवीस सह्या होत्या. मी चोविसावी केली, आणि पेन त्यांचे होते ते परत दिले.